पहिली वेलांटी

कंडक्टरने तिकीट धर्माच्या गुडघ्यावर ठेवलं.

झालं ते एवढंच. शहापूरहून मुरबाडला जाणारी रविवार सकाळची एसटी किन्हवलीच्या अलीकडे खड्डे मोजत चालली होती, खिडकीच्या काचा आपापल्या परीने वाजत होत्या, आणि धर्माने सवयीने हात पुढे केला होता. कंडक्टरने त्या हाताकडे पाहिलं. मशीनमधून निघालेला कागदाचा कपटा त्याने हाताच्या बाजूने, हाताला लागणार नाही अशा बेताने, गुडघ्यावर अलगद ठेवला, जसं देवापुढे फूल ठेवतात, आणि म्हणाला, "नमस्कार, सर." मग पुढच्या बाकाकडे गेला. कपटा उडू लागला तेव्हा धर्माने त्याच्यावर डास मारावा तसा पंजा मारला आणि तो पंजा तिथेच राहू दिला. कंडक्टर त्याचा जुना विद्यार्थी. छातीवरच्या पट्टीवर नाव 'रविंद्र'. यातल्या 'वि'ची वेलांटी दुसरी पाहिजे, असं धर्माने त्याला अकरा वर्षं सांगितलं होतं, आणि तो अकरा वर्षं सांगत होता, "सर, आधारवर पन तशीच हाय." या दिवाळीपर्यंत हाच रविंद्र तिकीट द्यायच्या आधी मशीन काखेत मारून दोन्ही हातांनी धर्माचा हात धरायचा, आणि मागचे प्रवासी ओरडायचे, अरे गाडी चालू हाय, लगीन नंतर लावा.

हातकरी एकमेकांना नमस्कार करत नाहीत. नमस्कार परक्यासाठी. दोघे हातकरी भेटले की एकाने उजवा हात पुढे करून म्हणायचं, "पाणि द्या." दुसऱ्याने तो दोन्ही हातांत घ्यायचा आणि म्हणायचं, "दिला." पाणि म्हणजे हात, संस्कृतातला, पाणिग्रहणातला. मुरबाड-शहापूरकडच्या दोनशे-अडीचशे घरांत बत्तीस वर्षं हा पंथ चालू आहे. निवडणुकीच्या दिवसांत एका पक्षाचे कार्यकर्ते उगाच आशेने त्यांच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन जातात, तेवढं सोडलं तर त्यांचा कुणाला उपद्रव नाही. दारू नाही, हुंडा नाही, भाताच्या आवणीच्या दिवसांत एकाच्या शेतावर चाळीस जण. जो सोडून जातो त्याच्यावर बहिष्कार नाही. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, आणि हातकरी कायदा पाळणारे लोक. फक्त त्याला हात देत नाहीत. नमस्कार करतात. फोनवरच्या 'हातकरी परिवार' गटातूनही धर्माला कुणी काढलं नव्हतं. एक तर ते वाईट दिसतं, आणि दुसरं म्हणजे कसं काढायचं ते कुणाला येत नव्हतं. तिथे रोज सकाळी दोनशे उघडे तळवे येत. त्याने एकदा आपलाही टाकला. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही, मग कुणीतरी वालाच्या बियाण्याचा भाव विचारला. पोलिसात जाऊन तक्रार तरी काय करायची? साहेब, हे लोक मला नमस्कार करतात.

हे नमस्कार सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. शहापुरात चौपन्न वर्षांच्या, मराठी शिकवणाऱ्या, कुणाचं वाईट न केलेल्या माणसाला सहा आठवड्यांत किती जण शिवतात, हे त्याला पूर्वी ठाऊक असायचं कारण नव्हतं. न्हावी. दुसरं कोणी सुचत नव्हतं. दाढी तो घरीच करायचा, ती आता सलूनमध्ये करू लागला. दवाखान्यात रक्तदाब तपासायला एका आठवड्यात तीनदा गेला. तिथली नर्स मनगट धरून पट्टा गुंडाळायची तेव्हा तो डोळे मिटायचा, आणि तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "काका, तुमचा बीपी माझ्यापेक्षा चांगला हाय. कशाला येता?" घरी संगीता चहा करायची, तो कट्ट्यावर ठेवायची आणि कपाला कट्टा नीट लागला का ते पाहून हात काढून घ्यायची. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात भांडणाची चांगली सवय होती दोघांना. तिने त्याच्यासाठी भाजी निवडली, शर्टाला बटण लावलं, शर्ट खुर्चीवर ठेवला. रात्री दोघांच्या मध्ये एक हात अंतर. हाही शब्द आला की त्याला चमक यायची: एक हात. भाषेत इतके हात आहेत हे मराठीच्या मास्तरला कळायला वर्गात तीस वर्षं कमी पडली होती. हात आखडता, हात वर, हातावर हात, हातोहात. आठ दिवसांपूर्वी ती वैशाखऱ्याला गेली, बुधीआजीकडे. बुधी तिची आत्या. जाताना दारातून म्हणाली, "रविवारी सभा हाय. मी तिथंच असेन. पुढचं पुढं." पुढचं म्हणजे काय हे दोघांनाही कळत होतं. तो आला, कुणी त्याचा हात घेतला, तर ती त्याच्याबरोबर शहापूरला परत येणार. नाहीतर नाही. मूल त्यांना झालं नव्हतं. हातकऱ्यांत ते कधी जाणवलं नाही, इतकी दुसऱ्यांची पोरं अंगाखांद्यावर असायची. आता आठ दिवसांत जाणवलं.

सरळगाव आलं. इथे उतरायचं, टोकावड्याकडे जाणारी जीप धरायची आणि वैशाखरे. धर्मा उठला, आणि पुन्हा बसला. रविंद्रने घंटी मारली. गाडी उजवीकडे, मुरबाडच्या दिशेने, म्हणजे वैशाखऱ्याच्या बरोबर उलटीकडे निघाली, आणि धर्माला शाळा बुडवलेल्या पोरासारखं वाटलं. परत यायला अर्धा तास जाईल. अर्धा तास आणखी कुणी त्याला नाकारलेलं नसेल.

सगळं हर्षितच्या दुकानात झालं होतं. शहापुरात आसनगाव रस्त्याला हर्षित शेठचं संगमरवराचं दुकान, बाहेर तुळशीवृंदावनं आणि देव्हारे उन्हात मांडलेले. धाऊआप्पांच्या समाधीवर यंदा पाटी बसवायची ठरलं; दोनच शब्द, 'पाणि द्या'. धाऊआप्पा म्हणजे ज्यांनी हे सगळं सुरू केलं ते. लिहिता-वाचता न येणारा, लोकांच्या बांधावर राबणारा, बोलायलाही फारसा राजी नसलेला माणूस. हे दोन शब्द त्यांचे शेवटचे. पाटीवर कारागिराने कोरलं 'पाणी द्या', दुसरी वेलांटी. मंडळी हबकली. मग सगळ्यांना एकदम आठवलं की आपल्यात एक मास्तर आहे, आणि धर्माला दुरुस्तीला पाठवलं. हर्षितने पाटीवरचं पोतं बाजूला केलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या लोकांनी फोन केला, मिस्टेक आहे बोलले. माझा कारागीर बोलतो मिस्टेक नाय. आता तुम्ही सांगा. पाणी म्हणजे पाणीच ना? पिण्याचा? तर दीर्घच ना?"

सुटायला व्याकरणाने त्याला दार उघडं ठेवलं होतं. शब्दाच्या शेवटची वेलांटी मराठीत दुसरीच लिहायची, शब्द संस्कृतातून आला असला तरी. कवी, गती, तसा पाणी. म्हणजे हात असो की पाणी, नियमाने दोन्ही दिसायला एकच. तो म्हणू शकला असता, शेठ, हा हातच, पण वेलांटी तुमचीच बरोबर. पाटीही राहिली असती, पंथही राहिला असता, आणि मास्तरकीलाही बट्टा नसता. पण हर्षितने विचारलं होतं, पिण्याचं का. दगडात खोल कोरलेली ती वेलांटी डोक्यावरून उजवीकडे खाली उतरली होती, आणि तिच्या खोबणीत दगडाची पांढरी पूड साचली होती. धर्माच्या तोंडून निघालं, "हो. पिण्याचंच. दीर्घच." हर्षित खूश झाला. "बघा! मी बोललो होतो."

कारण आप्पांचे ते शेवटचे शब्द लिहून घेणारा तोच होता. तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच डी.एड. झालेला, सभेतला एकटा शिकलेला. आप्पा बोलतील ते टिपून घ्यायला त्याला उशाशी बसवलं होतं. एप्रिल होता, घराचे पत्रे तडतडत होते, मुरबाडचा डॉक्टर सांगून गेला होता की तोंडाने काही देऊ नका, आणि ओटीवर, अंगणात चाळीसेक माणसं शेवटच्या शब्दाची वाट पाहत बसली होती. वाट पाहणाऱ्या माणसांचा एक वास असतो. आप्पांनी दोन दिवस काही म्हटलं नव्हतं. सगळ्यांना ते आपल्यावर रागावल्यासारखं वाटत होतं. मग ओठ हलले. म्हणाले, "पानी द्या." साधा न. त्या गावात ण कुणी म्हणतच नव्हतं. धर्माने वही उघडली आणि एका शब्दात दोन दुरुस्त्या केल्या: न चा ण केला, आणि वेलांटी पहिली काढली. कशी काढली? हात आपोआप गेला, असं तो स्वतःला बत्तीस वर्षं सांगत आला. आपोआप काही गेला नव्हता. डी.एड.च्या परीक्षेत समासांना त्याला पैकीच्या पैकी होते. लिहून तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आप्पा म्हणतात, पाणि द्या. पाणि म्हणजे हात. एकमेकांना हात द्या." अंगणातल्या चाळीस माणसांनी एकमेकांचे हात धरले. रडू लागली. दहा वर्षं बांधावरून भांडणारे दोघे भाऊ होते त्यांत. आप्पांनी मान वळवून धर्माकडे पाहिलं. त्या बघण्याबद्दल त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. आप्पांना पुन्हा काही म्हणायचं असावं, पण तेवढ्यात दोघांनी त्यांचेही हात धरले.

आता वाटतं, ते बघणं रागाचं असतं तरी चाललं असतं. तान्ह्या मुलाच्या तोंडातून काही काढून घेतलं की ते रडायच्या आधी क्षणभर नुसतं बघतं, कळत नाही म्हणून. तसं होतं ते. हर्षितच्या दुकानातून आला त्या रविवारी धर्माने सभेत सगळं सांगून टाकलं. शांतपणे, खडू हातात असल्यासारखं, ऱ्हस्वदीर्घासकट. सांगताना त्याला वाटलं होतं, ओरडतील, मारतील, नाहीतर रडून मोकळे होतील. शेवटी अजय उठला. अजय म्हणजे शेजारच्या गावाचा ग्रामसेवक, पन्नाशीला आलेला, हल्ली सभेची वही तोच लिहितो. त्याने पेनाला टोपण लावलं, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार, सर."

मुरबाडला स्टँडवर धर्मा उतरला, एक फेरी मारली आणि माळशेजकडे जाणाऱ्या जीपमध्ये मागे चढला. चढताना दांडा स्वतःच धरला. जीप भरेस्तोवर सुटत नाही आणि भरली तरी सुटत नाही. दोन्ही बाजूंनी अनोळखी मांड्या-खांदे घट्ट चिकटले होते, एका बाईची कोंबडी त्याच्या पावलावर बसली होती, आणि या भरगच्च उबेत तो पुन्हा सरळगाव, मग टोकावडे असा गेला. भात कापलेल्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते. त्याला वाटलं, असाच माळशेज ओलांडून पलीकडे जावं. वैशाखरे आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "ओ मास्तर, उतरा की. पोचलाव." इथे त्याला सगळे ओळखत होते, ही एक अडचणच होती.

बुधीआजी ओटीवर पाय पसरून शेंगा सोलत होती. वय नव्वदीच्या आसपास. नक्की किती हे ती दर वर्षी नवीन सांगायची. धाऊआप्पांचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. धर्मा अंगणात उभा राहिला. तिने हात पुढे केला नाही, नमस्कारही केला नाही. शेंगांनी भरलेलं सूप थोडं सरकवलं.

"बस. सोल."

तो बसला. थोडा वेळ दोघं सोलत राहिली. मग त्याच्याने राहवेना. "आजी, मी आज उभा राहनार आहे. शब्द मागं घेतो. चुकलं म्हनतो."

"काय चुकलं?"

"तेच. पाण्याचं."

बुधी हसली. तिला दात नव्हते, त्यामुळे हसणं सगळं दिसलं. "अरे लेका, पानी मागतला ते आमी आयकला नाय काय? आमी काय बहिरे व्हतो? सगल्यांनी आयकला. मी तर उशाशी व्हते. सांजचा सगली उठली तवा मी कापसाचा बोला भिजवून तेच्या ओठांवर फिरवला. चार येला. चोखला तेनं. पानी पिऊनच गेला तो."

धर्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. बत्तीस वर्षांची तहान अशी एका वाक्यात कुणी पुसून टाकली की माणसाला हलकं वाटायला पाहिजे. त्याला पडल्यासारखं वाटलं. जिन्याची पायरी संपली हे ठाऊक नसताना पाय पुढे टाकावा तसं.

"मग... मग मी वाचलं तवा कुनी बोललं का नाय?"

"काय बोलायचा? पोरगा चांगला वाचत व्हता. दोन भाव रडत व्हते. आमाला वाटला, बरा केलान. आप्पाला बोलता येत नव्हता तसा. तू बोललास."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं."

"तुलाच नव्हता ठाऊक, का आमाला ठाऊक हाय ते."

"मग मला का टाकलं?" त्याने शेंग सुपात टाकली. "खरं बोललो म्हणून?"

बुधीने सूप झटकलं. "खोटा बोलला असतास तर परत घेता आला असता रे. खरा कसा परत घेशील? ती सगली बायामानसा तुज्याकडं बघत बसली, आन तू सांगतोस, तुमी येडी. तू आमाला येडी म्हनालास, मास्तर. आमी नाय तुला टाकला."

आतून संगीता आली. ती ऐकत होती हे उघड होतं. आठ दिवसांत ती थोडी बारीक झाली होती, किंवा त्याला तसं वाटायला हवं होतं. उंबऱ्यात उभी राहून ती ओले हात पदराला पुसत राहिली. पुसून झाले तरी.

"तुला पन ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"मी अठरा वर्षांची व्हते. तिथंच, दाराच्या मागं."

"आणि लग्न केलंस?"

"म्हनून केलं," संगीता म्हणाली. "तहानेल्या मानसाच्या तोंडातून ज्याला असलं काय काढता येतं, तो आपल्यालाबी संबाळून घेईल वाटलं. तुमी लय घाबरलेले व्हता त्या दिवशी. वही थरथरत व्हती." तिने पदर सोडला. "आज उभं राहायचं तर राहा. पन माज्यासाठी खोटं बोलून राहू नका. मला कळंल. आन दुरुस्ती करत उभं राहायचं असलं तर राहूच नका. दुरुस्तीला कंटाळले मी."

खरं नको, खोटं नको. शाळेत असा प्रश्न घातला असता तर पालकांची तक्रार आली असती.

सभा मांडवात भरली. साठ-सत्तर माणसं गोल बसली, मध्ये जागा मोकळी, मागच्या चुलीवर भाताचं पातेलं. दोन गाणी झाली. धर्मा कडेच्या खांबाला टेकून होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी जाणूनबुजून सोडली नव्हती अशी जागा सुटली होती. परत यायचं असेल त्याने काय म्हणायचं याचे शब्द ठरलेले होते: 'हात सुटला होता.' एवढेच. हेही त्यानेच लिहिलेले, नियमावलीत, आप्पा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. आणि आता अचानक त्याच्या ध्यानात आलं, की या तीन शब्दांत पाण्याचा उल्लेख नाही, आप्पांचा नाही, खऱ्याखोट्याचा नाही. हात सुटला होता. हे तर खरंच होतं. इतकं खरं वाक्य त्याने आयुष्यात दुसरं लिहिलं नव्हतं. तो मध्ये गेला. गुडघे वाजले. "हात सुटला होता," तो म्हणाला आणि उजवा हात पुढे केला.

कुणी उठलं नाही.

माणसाचा हात किती जड असतो हे तो पुढे धरल्याशिवाय कळत नाही. आधी खांदा तापतो. मग कोपरात मुंग्या. मग बोटं आपल्या मर्जीने हलू लागतात, आणि ती माझी नव्हेत असं म्हणता येत नाही, कारण सगळे बघत असतात. अजय वहीकडे बघत होता. रविंद्रची बायको मुलाचं नाक पुसत होती. संगीता समोरच होती. ती धर्माकडे सरळ बघत होती आणि उठत नव्हती, आणि तिचे दोन्ही तळवे मांडीवर उताणे पडले होते. कुणीच हात घेतला नाही तर काय करायचं, हे नियमावलीत नव्हतं. लिहिताना त्याला सुचलंच नव्हतं की असं होऊ शकेल. त्यामुळे हात खाली घ्या असंही कुणाला म्हणता येईना. पातेल्यावरचं झाकण वाफेने खडखडलं. बुधी मागून म्हणाली, "भात लागंल." तेव्हाही कुणी हललं नाही. धर्माला वाटलं, आता रडावं. मग वाटलं, त्यालाही हात लागतो, डोळे पुसायला.

मांडवाच्या तोंडाशी गडबड झाली. एक माणूस आत आला, मागून त्याची बायको त्याला ढकलत होती. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, सदऱ्याची बटणं खाली-वर लागलेली. दारूचा वास त्याच्या आधी पोचला होता. "इथंच ना?" बायको कुणाला तरी विचारत होती. "हात देतात, सुटते म्हनतात, ते इथंच ना? नवसू, जा फुडं. जा ना." नवसूने गोलाकडे पाहिलं. मध्ये एक पांढऱ्या केसांचा माणूस हात पुढे करून उभा होता, सगळे गप्प होते, म्हणजे आपलीच वाट बघत होते. तो लटपटत आला आणि त्याने धर्माचा हात दोन्ही हातांनी पकडला. घामेजलेले, खरखरीत, कापणारे हात. धर्माच्या तोंडून हुंदका निघाला तो कुणालाच धड ऐकू आला नाही, कारण सगळे एकदम बोलू लागले होते.

"घेतला!" बुधी ओरडली.

"घेतला कुठं? तो आपला नाय अजून."

"हात तर घेतला ना?"

"उद्या कोनबी वाटेवरचा येऊन घेईल."

"मग वाटेवरच्याचा हात नसतो काय गो?"

बाचाबाची वाढली. मग आवाज हळूहळू ओसरला, आणि अजयने चष्मा वर करून, सवयीने, बत्तीस वर्षांच्या सवयीने, ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. "सर, नियमात काय आहे? हात कुनी घ्यावा?"

नियमात होतं: 'हातकऱ्याने हात घ्यावा.' धर्माला ते पान दिसत होतं, डाव्या बाजूला, वरून चौथी ओळ, निळी शाई. नवसू हातकरी नव्हता. हे त्याला कळत होतं आणि संगीताला कळत होतं. नियमावलीची स्वच्छ प्रत तिनेच त्याच्याशेजारी बसून, नवीन लग्नात, कंदिलाखाली लिहिली होती. ती श्वास न घेता बघत होती. सभा बघत होती. यातल्या कितीजणांना ते वाक्य पाठ होतं, कोण जाणे. बहुतेक सगळ्यांना. त्यांना ठाऊक असतं, हे आता त्याला ठाऊक होतं.

"माणसाने," धर्मा म्हणाला. "माणसाने हात घ्यावा, असं आहे."

कुणी हसलं नाही. अजयने मान डोलावली, वहीचं पान उलटलं आणि पुढच्यांना उपयोगी पडावं म्हणून ते वाक्य आजच्या तारखेखाली लिहून घेऊ लागला. संगीता उठून गोलाच्या आत आली आणि धर्माच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, अजून शिवली नव्हती, पण तिच्या अंगाची ऊब लागत होती. धर्माने खाली पाहिलं. अजयच्या वहीत उलट्या बाजूने लिहिलेलं वाचायची त्याला मास्तरकीत सवय झाली होती. अजयने लिहिलं होतं, 'मानसाने हात घ्यावा.' साधा न. मानस म्हणजे मन. आणखी तीस वर्षांनी लोक एकमेकांपासून दूर बसून, डोळे मिटून, मनाने हात घेत बसतील, आणि एखादा शिकलेला पोरगा उभा राहून त्याचा अर्थ सांगेल. त्याच्या जिभेवर शब्द आला. अजय, ण. संगीताने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले, इतके की जबडा दुखला.

"दादा," नवसू कुजबुजला. त्याला धड उभं राहवत नव्हतं. "आता सोडू का?"

"नको," धर्मा म्हणाला, आणि आपलाही दुसरा हात त्याच्या हातांवर घट्ट आवळला.